भुवयांचा होकार

बागियो, ३ नोव्हेंबर

मनांग,

तू येऊन गेलीस हे आम्हाला ओल्या चुन्यावरून कळलं. परवा, मृतांच्या सणाला, सकाळी सातला आम्ही फुलं, मेणबत्त्या आणि डबे घेऊन तातांगच्या थडग्यापाशी पोचलो, तर थडगं पांढरंशुभ्र! नानांग नेहमीसारखी टेकून बसायला गेली आणि तिच्या नव्या काळ्या झग्याची वाट लागली. "बघा," ती म्हणाली, "मेलेल्या बापासाठी सहा तासांचा घाट उतरते आणि जिवंत आई दिसायच्या आत पळून जाते." मग तिने तुझ्या वाटणीचा भात वाढला, तातांगपुढे ठेवला आणि रडली. मी नाही रडले. मला राग आला.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, पण उत्तराच्या नावाने शंख. म्हणून आता कागद घेऊन बसले. हे पत्र बेसाओ गावच्या बसवाल्या मनोंग पिडिंगकडे देतेय. ते म्हणाले, "तुझ्या अंटीच्या दारात नेऊन देईन. वाचायला लावणं माझ्या हातात नाही हं पोरी."

मनांग म्हणजे थोरली बहीण ना, तरी दोन वर्षं झाली तुझ्या रुसण्याला. रुसलेल्या माणसाची समजूत काढायची असते, मान्य. मी येऊन दारात बसायला हवं होतं, तुझ्या आवडीचं काहीतरी रांधून आणायला हवं होतं, तू तोंड फिरवलंस की त्या बाजूला जाऊन परत तोंड दाखवायला हवं होतं. पण समजूत काढायची ती ज्याचं चुकलं त्याने. माझं काय चुकलं? एकदा नीट मांडतेच.

बँकॉक. उपान्त्य फेरी. पंच नंबर पुकारणार, तू त्या नंबरचा हल्ला करणार, मी तो परतवून तुला फेकणार. अकरा वर्षं आपण हेच केलं. जोडीची जु-जित्सू म्हणजे बसवलेला नाच असं लोकांना वाटतं. पडणाऱ्याला विचारा म्हणावं! दुसऱ्या डावात तू डाव्या खांद्यावर वाकडी पडलीस. तिसरा सुरू व्हायच्या आधी तुझा पट्टा सारखा करायचं निमित्त करून मी जवळ आले आणि विचारलं, "चालेल?" तू दोन्ही भुवया उडवल्यास.

आपल्याकडे तोंडाने हो कोण म्हणतं? भात हवा का, भुवया. दार लावलंस का, भुवया. तातांगनी मागणी घातली तेव्हासुद्धा नानांगने म्हणे भुवयाच उडवल्या होत्या, आणि त्या दिवशी धुकं एवढं होतं की ते बिचारे अर्धा तास उत्तराची वाट बघत उभे. ती वैतागून घरी निघून आली.

तर तू भुवया उडवल्यास. पंचांनी चौदा नंबर पुकारला. तू माझा गळा धरलास, मी वळले, तुला कमरेवर घेतलं आणि फेकलं. तुझं हासळीचं हाड मोडलं, डोकं आपटलं, तू बेशुद्ध झालीस. त्या परदेशी डॉक्टरने मला विचारलं, "ती हो म्हणाली होती का?" मी भुवया उडवून दाखवल्या. त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतेय. शेवटी आपल्या व्यवस्थापकांनी समजावलं, साहेब, आमच्याकडे याला होकार म्हणतात. तसंच कागदावर लिहिलं गेलं. तू शुद्धीवर येऊन विचारलंस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. आणि गळ्यातली झोळी निघाली त्याच आठवड्यात तू बॅग भरून अंटीकडे गेलीस.

आता सांग, यात माझा काय गुन्हा? उत्तर दे. नाहीतर अंटीच्या झाडांची कॉफी तरी पाठव.

जिंग


बागियो, १९ नोव्हेंबर

मनांग,

पत्र पोचलं म्हणे. मी मनोंग पिडिंगना स्टँडवरच गाठलं. "काही बोलली का?" "कॉफी पाखडत होती. ॲप्रनच्या खिशात घातलं." "आणि चेहरा?" "चेहरे बघत बसलो तर बस दरीत जाईल." एवढंच. कॉफी आली नाही.

आज धुकं दारातून आत आलंय. नानांग स्वयंपाकघरात आहे आणि मला तिचा फक्त आवाज दिसतोय. काय लिहिलं बघ, आवाज दिसतोय! पण खरंच तसं आहे. अशा दिवशी आपण घरामागच्या उतारावर जायचो, आठवतं? पाइनच्या सुया गुडघाभर साचलेल्या. तू म्हणायचीस, "अंग सोड, जिंग. पडायचं म्हणून पडू नकोस, झोप लागते तशी पड." मी पाच वर्षांची, तू अकरा. आपण पडत राहायचो. वर आभाळ नाही, खाली दरी नाही, सगळं पांढरं, आणि सुयांचा गोडूस वास. नानांग हाका मारून मारून दमायची. मला आयुष्यात एवढं सुरक्षित पुन्हा कधी वाटलेलं नाही.

हल्ली एक स्वप्न पडतं. मी तुला फेकते आणि तू खाली येतच नाहीस. धुक्यात वर वर जातेस, हळूहळू, केस मोकळे, पाय अनवाणी. मी हात पसरून उभी. पंच नंबर पुकारत राहतो, सतरा, अठरा, दोनशे, आणि तू काहीतरी म्हणतेस. जागी होते तेव्हा मान अवघडलेली असते. काय म्हणतेस ते सोड.

तुझ्यानंतर मी जोडी सोडली. एकेरी खेळते, जमिनीवरची. बिलगायचं, गुंडाळायचं, समोरची हात आपटून "सोड" म्हणेपर्यंत आवळायचं. मला ते बरं वाटलं. हात आपटला म्हणजे आपटला, त्यात दुसरा अर्थ निघत नाही. पहिल्या वर्षी कांस्य, मग रौप्य, या जूनमध्ये उलानबातरला सुवर्ण. तिथे समोर एक कझाक पोरगी होती, हातोड्यासारख्या मनगटांची. तिने मला तीन मिनिटं गालिच्यासारखं गुंडाळून ठेवलं होतं, आणि मला तेव्हा चक्क झोप यायला लागली. तुझंच शिकवणं. अंग सोडलं, ती फसली, मी तिच्या पाठीवर. पदक गळ्यात आलं तेव्हा लाज वाटली की आनंद झाला, मला सांगता येणार नाही.

बेकरीवाल्याने माझा फोटो लावलाय, पांदेसाल पावांच्या टोपल्यांच्या वर. पिठाने माझं तोंड भुरकट झालंय. बेकरीच्या माडीवर मनोंग अलिप्योंचा जु-जित्सूचा वर्ग अजून भरतो. बावीस मुली आहेत. पण त्यांचे गुडघे गेले गं. खुर्चीत बसून शिकवतात आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. "मुलींना पडायला फेलिसासारखं कुणी शिकवू शकत नाही," असं रोज एकदा म्हणतात, माझ्या देखत. त्यांनी संघटनेकडे अर्ज केलाय, तुझं नाव प्रशिक्षकांच्या यादीत पुन्हा घाला म्हणून. तुला न विचारताच. रागावू नकोस.

आणि हो, जुलैच्या जागतिक स्पर्धेच्या संघात माझं नाव आलंय. आपण उतारावर लोळता लोळता जिथे जायचं ठरवायचो, तिथे. मी कुणाचंच तोंड गोड केलं नाही अजून. आधी तुला सांगितलं.

जिंग


बागियो, २ डिसेंबर

मनांग,

अर्ज फेटाळला. मनोंग अलिप्योंनी पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं, त्यांचा चष्मा बेकरीत राहिला होता म्हणे. मी वाचलं. "खेळाडूने दुखापत लपवली व खेळण्यास स्वतः होकार दिला, असे अहवालात नमूद आहे. स्वतःच्या शरीराबाबत असा निष्काळजीपणा करणाऱ्या व्यक्तीच्या हाती मुली सोपवता येणार नाहीत."

मॅटवर मुली धावत होत्या, जमीन हादरत होती. मनोंगनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, "पंधरा वर्षं शिकवलं मी तिला. नखाला लागलं तरी येऊन सांगायची. दुखणं लपवणारी पोर नव्हती ती. लपवणारी तू होतीस, घोटा सुजवून मोजे दोन-दोन घालायचीस." मी हसले. त्यांनी विचारलं, "जिंग, तू तिथे होतीस. खरंच हो म्हणाली का ती?"

मी भुवया उडवल्या.

बघ कसं आहे, तोंडाने खोटं बोलायला जीभ तरी उचलावी लागते. हे इतकं सोपं आहे की आपण बोललो असं वाटतच नाही. मनोंगनी मान हलवली, पत्राची घडी केली आणि मुलींवर खेकसायला लागले. मी जिन्यात बसून राहिले. खालून पावाचा वास येत होता, आणि मला एकदम कळेना की मी कुठल्या वर्षात बसलेय. तू वरून येशील आणि "उठ, आळशी" म्हणशील असं वाटत राहिलं. जिन्यावरून बावीस मुली उतरून गेल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "मनांग, बरं नाही का?" मी परत भुवया उडवल्या.

मला काहीतरी सांगायचंय. आज नाही जमत.

जिंग


बागियो, १६ डिसेंबर

मनांग,

आज नाताळआधीच्या पहाटेच्या मिसाला, प्रार्थनेला, गेले होते, नानांगबरोबर. चर्चबाहेर तांदळाचे बिबिंगका भाजायच्या निखाऱ्यांचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं. आत सगळे गात होते. मला गाणं ऐकू येत होतं आणि येत नव्हतं, पाण्याखाली डोकं घातल्यावर येतं तसं. आणि त्या सगळ्या आवाजात मला तुझा एकच शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला. घरी आल्याबरोबर लिहायला बसलेय. नानांग चहा प्यायला बोलावतेय, तिला बोलावू दे.

तुझ्या भुवया उडाल्या हे खरं आहे. पण मी पट्टा ओढला आणि तुझ्या खांद्यातून कळ गेली म्हणून त्या उडाल्या. आणि तोंडाने तू म्हणालीस, "सान."

नाही म्हणालीस. हळूच, एकदाच. मी ऐकलं, मनांग. मी इतकी जवळ होते की तुझ्या श्वासाला आल्याच्या चहाचा वास होता. गोंगाटात ऐकू आलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते. खोटं आहे. त्या क्षणी मी दोन्ही गोष्टी पाहिल्या, भुवया आणि ओठ, आणि त्यातल्या मला हव्या होत्या त्या भुवया उचलल्या.

का, ते सांगते. आपण अर्ध्या गुणाने मागे होतो. चौदा नंबर आला तर आपणच जिंकणार हे मला माहीत होतं, कारण ती फेक माझी सगळ्यात देखणी. लोक टाळ्या मला वाजवायचे. अकरा वर्षं तू पडलीस आणि टाळ्या मी घेतल्या, आणि मला कधी त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मला वाटलं, एकच तर फेक आहे. मनांग सोसेल. ती सोसतेच.

तुझा पाय जमिनीवरून उचलला गेला तेव्हा तुझं अंग सोडलेलं नव्हतं. ताठ होतं. माझ्या पाठीला ते कळलं. तेव्हाही थांबता आलं असतं मला.

मग डॉक्टर आला, मग कागद आला, मग तू डोळे उघडलेस आणि विचारलंस. एकदा डॉक्टरला सांगितल्यावर तुला दुसरं काय सांगणार होते? मी भित्री आहे, मनांग. पोडियमवर उभी असलेली, गळ्यात पदक घातलेली, वर्तमानपत्रात "पहाडी वाघीण" म्हणून छापून आलेली भित्री. तुझ्या रुसण्यावर चिडत राहिले, कारण तू रुसलीस म्हणजे तुला सगळं आठवत असणार, आणि तू एक ना एक दिवस बोलशील याची मला धास्ती होती. तू बोलली नाहीस. एवढी दोन वर्षं मला पाठीशी घालत राहिलीस.

नाताळला ये असं म्हणायची माझी लायकी नाही. सुट्ट्या संपल्या की मनिलाला जाते.

जिंग


मनिला, ११ जानेवारी

मनांग,

सांगून आले. इथे किती उकडतं गं! संघटनेच्या कचेरीत पंखा माझे कागद उडवत होता आणि मी दोन्ही हातांनी ते दाबून बोलत होते. अध्यक्ष मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोन वर्षांनी आठवलं?"

"आठवत होतंच, मॅडम. सांगितलं नव्हतं."

"तुझं नाव संघातून जाईल. वर्षभर तरी स्पर्धेत उतरता येणार नाही. कळतंय ना?"

माझ्या भुवया उडाल्या, सवयीने. मग मी तोंड उघडून म्हटलं, "हो."

अहवाल बदलला. त्याची प्रत सोबत जोडलीय, शिक्का आहे, सही आहे. तुझं नाव यादीत परत आलंय. माझं खोडलंय. बाहेर आले तर रस्त्यावर जीपनी गाड्या भोंगे वाजवत होत्या, लोक कणसं खात होते, आणि मी त्यातून तरंगत चालले होते, कुणी मला फेकलंय आणि मी अजून खाली पोचले नाही अशी. जुलै गेला, मनांग. उतारावरची ती सगळी स्वप्नं गेली. मला खूप वाईट वाटतंय आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

निघायच्या आधी नानांगला सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी त्या पोरीला शिव्या घातल्या. थडग्यापाशीसुद्धा घातल्या." मला ताट वाढलं आणि परत लसणाकडे वळली. मनोंग अलिप्योंनी सगळं ऐकलं, खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्याच म्हणाले, "चालती हो. आणि सोमवारी ये, मॅट झाडायला."

माफ कर असं लिहून खोडलंय, वर दिसेल तुला. मुलींसाठी तरी बागियोला परत ये. मी वर्गात नको असेन तर येणार नाही. तू सांगशील तसं.

जिंग


बेसाओ, २० जानेवारी

जिंग,

पाचही पत्रं मिळाली. मनोंग पिडिंग शेवटचं द्यायला आले तेव्हा हलेनातच. "उत्तर घेतल्याशिवाय गेलो तर ती पोरगी बसखाली झोपेल," म्हणाले. त्यांना कॉफी करून दिलीय आणि लिहितेय.

मी रुसले नव्हते.

दुसऱ्या डावानंतरचं मला काहीही आठवत नाही. पट्टा नाही, भुवया नाहीत, सान नाही. डोळे उघडले तेव्हा तू दिसलीस. मी विचारलं, काय झालं, आणि तू म्हणालीस, "तूच हो म्हणालीस, मनांग." मी विश्वास ठेवला. तू सांगितलंस म्हणून ठेवला. वाटलं, पदकाच्या हावेपायी मीच दुखणं लपवलं, धाकट्या बहिणीच्या हातून नको ते करवलं, दोघींची अकरा वर्षं मातीत घातली. तुला कुठल्या तोंडाने भेटणार होते? नानांगला कुठल्या तोंडाने? म्हणून इथे आले. म्हणून उजाडायच्या आत थडगं रंगवून पळाले. तुझे फोन उचलले नाहीत, कारण तू "जाऊ दे मनांग, होतं असं" म्हणाली असतीस आणि ते मला सोसलं नसतं. रेडिओवर तुझं नाव आलं की अंटी आवाज वाढवायची आणि मी परसात जायचे. तिथे उभी राहून म्हणायचे, बरं झालं, माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं नाही.

तुझं चौथं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं. मग अंगणात वाळत घातलेली सगळी कॉफी पायाने उधळली. अंटी ओरडत धावत आली, माझं तोंड बघून खाली बसली, आणि दोघी मिळून दिवे लागेपर्यंत दाणे वेचत बसलो. आयुष्यात मला एवढा राग कधी आला नव्हता. दोन वर्षं, जिंग! दोन वर्षं मी रोज सकाळी उठून स्वतःला माफ करायचा प्रयत्न करत होते, आणि माफ करण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. माझं स्वतःचं "नाही" तू माझ्याकडून काढून घेतलंस.

मनोंग अलिप्योंना सांग, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी वर्गात असेन. नानांगला मी स्वतः फोन करते. तुझं नाव खोडलं गेलं याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. त्याचाही राग आला.

आता तुझं आणि माझं. आजवर मी रुसले नव्हते, पण आता रुसले आहे, अगदी खरंखुरं. आणि ही समजूत पत्राने निघणार नाही. शनिवारच्या बसने ये. पहिल्या दिवशी मी दार उघडणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. तू जाऊ नकोस.

फेलिसा